बँकेच्या कागदावरचं इंग्रजी: कोणत्या शब्दाने पैसे कुठे जातात

बँकेत रोज कामाला येणारे इंग्रजी शब्द तसे मोजकेच आहेत आणि त्यांतले निम्मे आपल्या तोंडात आधीपासून आहेत. पैसे डेबिट झाले, चेक बाउन्स झाला, नॉमिनी लावला, ईएमआय कापला, हे आपण सहज बोलतो. अडखळायला होतं ते हेच शब्द इंग्रजी अक्षरांत, बारीक टायपात, लांबलचक वाक्यात समोर आले की. आणि खरा धोका असतो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा. "नॉमिनी म्हणजे वारस" हे इतक्या घरांत पक्कं ठरलेलं असतं, की त्याचा नेमका अर्थ कुणी विचारतच नाही.

बचत गटाचं खातं सांभाळणाऱ्या ताई, पेन्शनच्या पासबुकातली ओळ स्वतः वाचायची इच्छा असलेले आजी-आजोबा आणि घरच्यांचे फॉर्म भरून देणारी कॉलेजची मुलंमुली, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. शब्दकोशातला अर्थ पाठ करत बसू नका. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारा: या शब्दाने पैसे कुठून कुठे जातात? आणि याच्याखाली सही केली, तर माझ्यावर काय बंधन येतं? बँकेतलं इंग्रजी शिकायला एवढी वाट पुरेशी आहे.

आधी तुमचा हक्क

रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार खातं उघडण्याचा फॉर्म, पैसे भरायची स्लिप, पासबुक असं सामान्य ग्राहकाच्या वापरातलं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तीन भाषांत मिळायला हवं. म्हणून काउंटरवर पहिलं वाक्य मराठीतच बोला: "मॅडम, या फॉर्मची मराठी प्रत आहे का?" चेकवरचा मजकूरही मराठीत लिहिता येतो. "रुपये पाच हजार फक्त" असं लिहिलेला चेक चालतो, सहीसुद्धा मराठीत चालते. मात्र खातं उघडताना नमुना म्हणून जशी सही केली, तशीच ती दर वेळी यायला हवी. फॉर्मवर त्या चौकटीपाशी 'स्पेसिमेन सिग्नेचर' असं छापलेलं असतं.

मग इंग्रजी शिकायचं कशाला? कारण मोबाईलवरचा मेसेज, पासबुकातल्या ओळी, एटीएमचा पडदा आणि कर्जाचा करारनामा बहुतेक वेळा इंग्रजीतच येतो.

पायरी 1: स्लिप

पैसे भरायच्या स्लिपवर 'पे-इन स्लिप' किंवा 'डिपॉझिट' असं लिहिलेलं असतं, काढायच्या स्लिपवर 'विड्रॉवल'. बोलताना आपण 'विड्रॉल' म्हणतो, तेही सगळ्यांना समजतं. स्लिपचे दोन भाग असतात. शिक्का मारून आपल्याला परत मिळतो तो छोटा भाग म्हणजे 'काउंटरफॉइल', आपल्या भाषेत स्थळप्रत. पासबुकात नोंद दिसेपर्यंत ती जपून ठेवा.

'अमाउंट इन फिगर्स' म्हणजे रक्कम आकड्यांत, 'अमाउंट इन वर्ड्स' म्हणजे अक्षरी. 'डिनॉमिनेशन' हा शब्द लांबलचक असला, तरी त्याखाली फक्त 500 च्या किती, 200 च्या किती, 100 च्या किती असा नोटांचा तपशील भरायचा असतो. 'टेंडर्ड बाय' किंवा 'डिपॉझिटेड बाय' म्हणजे पैसे घेऊन प्रत्यक्ष आलेली व्यक्ती. भावाच्या खात्यात तुम्ही पैसे भरत असाल, तर वर भावाचं नाव आणि इथे तुमची सही.

पायरी 2: पासबुक

ही पायरी सावकाश करा. घरात पासबुक असेलच. त्याचं एक पान उघडून समोर ठेवा आणि पुढचं वाचत जा.

पानावर साधारण पाच रकाने असतात: डेट, पर्टिक्युलर्स, विड्रॉवल किंवा डेबिट, डिपॉझिट किंवा क्रेडिट आणि बॅलन्स. पर्टिक्युलर्स म्हणजे तपशील. डेबिटच्या रकान्यातले पैसे तुमच्या खात्यातून गेले, क्रेडिटमधले आले आणि बॅलन्स म्हणजे उरलेली शिल्लक. बॅलन्सच्या आकड्याशेजारी 'सीआर' असेल तर ती तुमची जमा आहे. 'डीआर' असेल तर तुम्हीच बँकेचं देणं लागता.

'क्रेडिट' या शब्दाला दोन तोंडं आहेत, तिथे जपायचं. खात्यात क्रेडिट झालं म्हणजे जमा झालं. क्रेडिट कार्डातलं क्रेडिट म्हणजे मात्र उधार. डेबिट कार्डाने दुकानात खर्च केला, तर तुमचे स्वतःचे पैसे जातात. क्रेडिट कार्डाने केला, तर बँक तुमच्या वतीने पैसे देते आणि पुढच्या बिलात ते मागते. त्या बिलावर 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू' असे दोन आकडे असतात. मिनिममचा छोटा आकडा भरून दंड टळतो, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होतं आणि ते बरंच जास्त असतं. ड्यू म्हणजे देय, आणि भरायचा आकडा टोटलचा.

आता तपशिलाचा रकाना. इथे शब्द कापून लिहिलेले असतात. ओळीच्या सुरुवातीला 'बाय' असेल तर पैसे आले आणि 'टू' असेल तर गेले. जमाखर्चाच्या जुन्या इंग्रजी पद्धतीतून ही खूण आली आहे, काही बँकांत ती अजून छापली जाते. 'टीआरएफ' म्हणजे ट्रान्सफर, एका खात्यातून दुसऱ्यात. 'सीएलजी' म्हणजे क्लिअरिंग, चेक वटून झालेली नोंद. 'आयएनटी' म्हणजे इंटरेस्ट. मन लागण्याशी त्याचा इथे संबंध नाही, इथे तो शब्द फक्त व्याजासाठी येतो. 'सीएचजी' किंवा 'सीएचआरजी' म्हणजे चार्जेस, बँकेने घेतलेलं शुल्क. 'डब्ल्यूडीएल' म्हणजे काढलेली रक्कम. 'नॅच' दिसलं, तर तुम्ही कधीतरी लेखी परवानगी दिलेली एखादी नियमित वसुली झाली आहे: कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता किंवा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली ठरावीक गुंतवणूक. ही परवानगी म्हणजे 'मँडेट'. वसुली बंद करायची असेल, तर बँकेत "मँडेट कॅन्सल करायचं आहे" असं सांगायचं.

मे-जूनच्या सुमारास 436 रुपये आणि 20 रुपये गेल्याच्या दोन ओळी बऱ्याच पासबुकांत सापडतात. शेजारी 'पीएमजेजेबीवाय' आणि 'पीएमएसबीवाय' अशी अक्षरं असतात. पहिली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. पहिलीत विमाधारकाचा मृत्यू झाला तर नॉमिनीला 2 लाख रुपये मिळतात, दुसरीत अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख. घरातलं माणूस गेलं आणि पासबुकात ही ओळ असेल, तर बँकेत जाऊन 'क्लेम फॉर्म' मागा. क्लेम म्हणजे हक्काची मागणी. केवळ ही अक्षरं कुणी वाचली नाहीत म्हणून घरच्यांनी दावाच केला नाही, असं होऊ देऊ नका. आज घरातली सगळी पासबुकं काढा आणि या दोन ओळी शोधा.

'डीबीटी' म्हणजे सरकारी योजनेचे थेट खात्यात आलेले पैसे. लाडकी बहीण, पीएम किसान यांचे हप्ते असे येतात. इथे 'लिंक' आणि 'सीडेड' या दोन शब्दांची गल्लत फार होते. आधार एकापेक्षा जास्त खात्यांना लिंक असू शकतं, म्हणजे ओळख पटवण्यासाठी जोडलेलं असू शकतं. डीबीटीचे पैसे मात्र आधार सीडेड असलेल्या, म्हणजे असे पैसे घेण्यासाठी आधारशी नोंदवलेल्या, एकाच खात्यात येतात, आणि ते बहुधा सगळ्यांत शेवटी सीड केलेलं खातं असतं. हप्ता आला म्हणतात पण पासबुकात दिसत नाही, तर काउंटरवर "आधार लिंक आहे का?" असं विचारून उपयोग नाही, उत्तर 'हो' असंच येईल. "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या बँकेत सीडेड आहे?" असं विचारा.

पासबुकाच्या जोडीचा आणखी एक शब्द 'इनऑपरेटिव्ह'. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खातं इनऑपरेटिव्ह, म्हणजे निष्क्रिय होतं. पैसे बुडत नाहीत. केवायसीचे, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे, कागद देऊन ते पुन्हा चालू करता येतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही, तर ती रक्कम 'अनक्लेम्ड', बेवारस ठेव म्हणून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तिथूनही ती बँकेमार्फत परत मिळवता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं आहे.

पायरी 3: खात्याचा फॉर्म

'ब्लॉक लेटर्स' म्हणजे इंग्रजी मोठी, सुटी अक्षरं, एका चौकोनात एक. 'ॲप्लिकंट' म्हणजे अर्जदार. नावाच्या तीन चौकटींत मराठी माणसाचा घोळ ठरलेला. 'फर्स्ट नेम'मध्ये स्वतःचं नाव, 'मिडल नेम'मध्ये वडिलांचं किंवा पतीचं, 'लास्ट नेम' किंवा 'सरनेम'मध्ये आडनाव. आपण बोलताना आडनाव आधी घेतलं, तरी फॉर्मवर चौकट बघूनच लिहा आणि आधार-पॅनवर जसं आहे अगदी तसंच लिहा. 'स्पाउस' म्हणजे पती किंवा पत्नी. 'मेडन नेम' म्हणजे लग्नाआधीचं नाव. 'मायनर' म्हणजे 18 वर्षांखालचं, 'गार्डियन' म्हणजे त्याचे पालक. 'स्ट्राइक आउट' म्हणजे लागू नसलेलं खोडा. 'सेल्फ-अटेस्टेड' म्हणजे झेरॉक्सवर स्वतः सही करून "ही खरी प्रत आहे" असं म्हणणं. सहीसोबत तारीख आणि "फक्त खातं उघडण्यासाठी" असं कारण लिहिलंत, तर ती प्रत भलतीकडे वापरणं अवघड जातं.

आता ज्या दोन जागी थांबायलाच हवं, त्या बघू.

पहिली जागा 'मोड ऑफ ऑपरेशन', म्हणजे खातं कुणी चालवायचं. दोघांच्या नावावरचं खातं असेल तर इथे पर्याय असतात. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर': दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकतं, आणि एकजण गेला तर मागे राहिलेल्याला पैसे मिळतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर': फॉर्मर म्हणजे पहिलं नाव. ती व्यक्ती हयात असेपर्यंत फक्त तीच व्यवहार करणार, नंतर दुसरी. 'जॉइंटली': दर वेळी सगळ्यांच्या सह्या. 'एनी टू जॉइंटली': ठरलेल्यांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या. बचत गटाच्या खात्याला एकाच सहीचा पर्याय कधीही देऊ नका, दोन सह्यांचाच हवा. पतीपत्नीच्या रोजच्या खात्याला आयदर ऑर सर्व्हायव्हर सोयीचं, कारण एकजण दवाखान्यात असेल तेव्हा दुसऱ्याला पैसे काढता येतात. आजोबांना स्वतःच्या पैशांवर शेवटपर्यंत स्वतःचाच ताबा हवा असेल, तर मुलाचं नाव घालतानाही फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर मागावं. त्यात कुणावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही, तो त्यांचा अधिकार आहे.

दुसरी जागा 'नॉमिनेशन'. खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, ते नाव म्हणजे नॉमिनी. बँकेची जबाबदारी त्याच्या हाती पैसे दिले की संपते. पण ते पैसे कायद्याने त्याच्या मालकीचे होतातच असं नाही. मालकी ठरते मृत्युपत्रावरून, आणि ते नसेल तर वारसा कायद्यावरून. भावाला नॉमिनी केलं आणि मागे पत्नी-मुलं आहेत, तर भावाने पैसे घेऊन हक्काच्या वारसांना द्यायचे असतात. "वारस लावला" असं आपण म्हणतो तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. म्हणून नॉमिनीही लावा आणि मृत्युपत्रही करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. त्यात 'सायमल्टेनिअस' म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी, ठरवलेल्या टक्क्यांप्रमाणे. 'सक्सेसिव्ह' म्हणजे क्रमाने: पहिला हयात नसेल तरच दुसऱ्याला. या दोन शब्दांसमोर बरोबरची खूण करताना घाई करू नका. चुकीच्या चौकटीत खूण झाली, तर तुमच्या मनातली वाटणी कागदावर येत नाही.

पायरी 4: चेक

चेक लिहिणारा 'ड्रॉवर', ज्याला पैसे मिळायचे तो 'पेयी'. नावाच्या ओळीच्या शेवटी 'ऑर बेअरर' छापलेलं असतं. बेअरर म्हणजे जो चेक घेऊन येईल तो. हे शब्द तसेच ठेवले आणि चेक हरवला, तर सापडणाऱ्याला पैसे मिळू शकतात. म्हणून 'ऑर बेअरर' खोडा, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारा आणि त्यांच्यामध्ये 'ए/सी पेयी' लिहा. याला चेक 'क्रॉस' करणं म्हणतात. मग पैसे फक्त त्या नावाच्या खात्यातच जमा होतात, काउंटरवर रोख मिळत नाहीत.

अक्षरी रक्कम आणि आकडा जुळला नाही, तर 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच पाठवते. खाडाखोड झाली तर नवीन चेक लिहा. तारखेपासून तीन महिने उलटले की चेक 'स्टेल' म्हणजे शिळा होतो, त्याचे पैसे मिळत नाहीत. पुढची तारीख घातलेला तो 'पोस्ट-डेटेड'.

परत आलेल्या चेकसोबत 'रिटर्न मेमो' येतो. त्यावरचं कारण आधी वाचा. 'फंड्स इनसफिशियंट' म्हणजे देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत. 'सिग्नेचर डिफर्स' म्हणजे सही जुळत नाही. 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर' म्हणजे देणाऱ्यानेच पैसे थांबवायला सांगितलं. 'रेफर टू ड्रॉवर' म्हणजे ज्याने चेक दिला त्यालाच विचारा. पैसे नाहीत म्हणून चेक 'डिसऑनर' झाला, तर याच 1881 च्या कायद्याच्या कलम 138 खाली कारवाई करता येते. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी, आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात. मेमो घरात पडून राहिला आणि मुदत गेली, तर बाजू खरी असूनही हात बांधले जातात. मेमोवरची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

पायरी 5: ठेवीची पावती

पावती म्हणजे 'रिसीट'. लिहिताना त्यात पी असतो, उच्चारात नाही. 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल, 'टेन्युअर' म्हणजे मुदत, 'मॅच्युरिटी डेट' म्हणजे मुदत संपण्याची तारीख, 'पर ॲनम' म्हणजे दरसाल.

'क्युम्युलेटिव्ह' ठेवीत व्याज हातात येत नाही, मुद्दलात मिसळत जातं आणि पुढे त्यावरही व्याज मिळतं. 'नॉन-क्युम्युलेटिव्ह'मध्ये व्याज महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात येतं. समजा 1 लाख रुपये, 5 वर्षं, दरसाल 7 टक्के आणि व्याज तिमाही चक्रवाढ. क्युम्युलेटिव्हमध्ये शेवटी साधारण 1,41,478 रुपये मिळतील. तिमाही व्याज घेतलं, तर दर तीन महिन्यांनी 1,750 असे पाच वर्षांत 35,000 रुपये हातात येतील आणि शेवटी मुद्दल परत. औषधपाण्याला दरमहा पैसे लागणाऱ्या आजींना दुसरा पर्याय बरा, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवणाऱ्याला पहिला.

'ऑटो-रिन्यूअल' म्हणजे मुदत संपली की ठेव आपोआप पुन्हा ठेवली जाते, त्या दिवशी जो व्याजदर असेल त्याने. 'प्रीमॅच्युअर विड्रॉवल' म्हणजे मुदतीआधी मोडणं, आणि त्याला बहुधा 'पेनल्टी' लागते. आयदर ऑर सर्व्हायव्हर असलेली ठेव मुदतीनंतर एकाच्या सहीने मिळते. मुदतीआधी मोडताना मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते. 'लीन' म्हणजे ठेवीवर बँकेने ठेवलेला ताबा. ठेवीवर कर्ज घेतलं, की पावतीवर लीनची नोंद होते आणि कर्ज फिटेपर्यंत ती मोडता येत नाही.

महाराष्ट्रात ठेव ठेवताना आणखी दोन शब्द नीट वाचायलाच हवेत: पाटीवर 'को-ऑपरेटिव्ह बँक' लिहिलं आहे, की 'को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी'? दुसरी ती पतसंस्था. बँक अडचणीत आली, तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेतल्या ठेवींपोटी व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे, आणि नागरी सहकारी बँकाही तिच्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था अनेक गावांचा आधार आहेत, त्यांच्याकडे जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण आयुष्याची पुंजी ठेवण्याआधी पाटीवरचा हा एक शब्द वाचा, ही कळकळीची विनंती.

पायरी 6: कर्जाचा करारनामा

इथे सगळ्यांत महागात पडणारे शब्द आहेत, आणि सही सगळ्यांत घाईने होते ती इथेच.

'फ्लॅट रेट' आणि 'रिड्यूसिंग बॅलन्स'. टक्के तेच, पण व्याज वेगळं. 1 लाख रुपये 2 वर्षांसाठी 12 टक्क्यांनी घेतले असं धरा. फ्लॅटमध्ये पूर्ण 1 लाखावर दोन्ही वर्षं व्याज लागतं: 24,000 रुपये, हप्ता सुमारे 5,167. रिड्यूसिंगमध्ये हप्ता भरत जाल तसं मुद्दल घटतं आणि फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज लागतं: हप्ता सुमारे 4,707, एकूण व्याज 13,000 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मं. दुचाकीच्या किंवा घरातल्या वस्तूच्या कर्जाला कुणी "फक्त अमुक टक्के" म्हणालं, तर लगेच विचारा: "साहेब, फ्लॅट की रिड्यूसिंग?"

'प्रोसेसिंग फी' म्हणजे कर्ज मंजूर करण्याचं शुल्क. 'फोरक्लोजर' किंवा 'प्रीपेमेंट' म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडणं. त्याला शुल्क आहे का, ते करारात बघा. 'ओव्हरड्यू' म्हणजे मुदत उलटून गेलेली थकबाकी, 'आउटस्टँडिंग' म्हणजे आजवर बाकी असलेलं सगळं कर्ज. दोन्ही ऐकून माणूस सारखाच घाबरतो, पण आउटस्टँडिंग असणं अगदी साधं आहे, हप्ते वेळेवर भरणाऱ्याचंही असतं. 'मॉर्गेज' म्हणजे घर-जमीन गहाण. 'प्लेज' म्हणजे वस्तू बँकेच्या ताब्यात देऊन गहाण, जसं सोनं. 'हायपोथिकेशन' म्हणजे वस्तू तुमच्याकडेच, पण तिच्यावर बँकेचा बोजा, जसं ट्रॅक्टर किंवा गाडी. कर्ज फिटल्यावर बँकेकडून 'एनओसी', म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन गाडीच्या आरसी बुकावरचा तो बोजा उतरवून घ्यायला विसरू नका.

आणि 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार. "नुसती सही द्यायची आहे, बाकी काही नाही," असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक गावात भेटतात. भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले, तर बँक थेट जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते. "मला जमणार नाही" असं आधी सांगितलं तर नातं थोडं ताणलं जाईल, पण नंतर शेत विकण्यापेक्षा ते बरं.

इथेही तुमच्या बाजूचा एक नियम आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या नव्या कर्जाला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' (केएफएस) द्यावंच लागतं. कर्जाच्या मुख्य अटींचा हा गोषवारा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवा. त्यात 'एपीआर' नावाचा आकडा असतो: व्याज आणि बाकी शुल्कं धरून दरसाल खरा खर्च किती टक्के. दोन ठिकाणची कर्जं ताडून बघायची, तर हा आकडा बघा. "केएफएस मराठीत द्या" एवढं वाक्य पुरे.

करारातली ठरावीक इंग्रजी वाक्यंही ओळखून ठेवा. 'आय हिअरबाय डिक्लेअर' म्हणजे मी याद्वारे जाहीर करतो. 'आय अंडरटेक' म्हणजे मी हमी देतो. 'लाएबल' म्हणजे जबाबदार. 'सब्जेक्ट टू' म्हणजे "या अटीवर", आणि खरी अट नेहमी या दोन शब्दांच्या पुढे असते. 'वेव्ह्ड' म्हणजे माफ केलं. मात्र मी माझा हक्क 'वेव्ह' करतो असं लिहिलेलं असेल, तर तुम्ही स्वतःचाच हक्क सोडता आहात.

पायरी 7: मोबाईलवरचा मेसेज

मेसेजमध्ये पहिल्यांदा क्रियापद शोधा. 'डेबिटेड' म्हणजे गेले. 'क्रेडिटेड' म्हणजे आले. 'विल बी डेबिटेड' म्हणजे जाणार आहेत, अजून गेलेले नाहीत. 'पेंडिंग' म्हणजे निकाल लागायचा आहे, तेव्हा तेच पैसे लगेच पुन्हा पाठवू नका. 'डिक्लाइन्ड' म्हणजे नाकारलं. 'रिव्हर्स्ड' म्हणजे कापलेले पैसे परत आले. युपीआयने एखाद्याच्या खात्यात पाठवलेले पैसे तुमच्याकडून कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर पाच दिवसांत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. तक्रार करताना मेसेजमधला 'रेफरन्स नंबर' किंवा 'यूटीआर', म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, सांगा.

त्यानंतर छोटे शब्द. यांच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि दंड बहुतेक यांच्यामुळेच बसतो. 'फ्रॉम' म्हणजे कुठून, 'टू' म्हणजे कुठे. 'ऑन ऑर बिफोर 10 मार्च' म्हणजे 10 तारीख धरून तिच्या आत, तर 'बिफोर 10 मार्च' म्हणजे 9 तारखेपर्यंतच. 'विदिन 7 वर्किंग डेज' म्हणजे बँक चालू असलेले सात दिवस; रविवार, दुसरा-चौथा शनिवार आणि सुट्या धरायच्या नाहीत. 'अप टू' म्हणजे "पर्यंत". जाहिरातीत "अप टू 50 टक्के सूट" असेल, तर ती 5 टक्केही असू शकते. 'इफ नॉट यू' किंवा 'इफ नॉट डन बाय यू' म्हणजे हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर. त्याच्या पुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं, पण नंबर मात्र मेसेजमधून घेऊ नका. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावरच फोन करा.

फसवणुकीच्या मेसेजांत तेच तेच शब्द फिरतात: 'सस्पेंडेड', 'ब्लॉक्ड', 'इमिजिएटली', 'अपडेट केवायसी', 'क्लिक'. खातं बंद होईल अशी भीती घालायची आणि लिंक दाबायला लावायची, एवढीच त्यांची पद्धत. बँका आता त्यांचे संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर नेत आहेत, लिंकचा शेवट तिथे ताडून बघा. युपीआयचा 'पिन' टाकला की पैसे जातात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पडद्यावर 'पे' हा शब्द असताना समोरचा फोनवर "ताई, पैसे येतील, पिन टाका" असं म्हणत असेल, तर पडद्यावर विश्वास ठेवा आणि फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा आणि बँकेतही लेखी तक्रार द्या. तिथे 'अनऑथराइज्ड ट्रान्झॅक्शन' असे दोन शब्द लिहा, म्हणजे माझ्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार. तक्रारीच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या आणि ती पासबुकात ठेवा.